आजोबा तानुकी होतात तेव्हा

घरातील ज्येष्ठांना आपण वेळेवर औषध देतो, हाताला धरून चालवतो; पण त्यांच्याकडून काही घ्यावे, हे मात्र राहून जाते. ही उणीव भरून काढणारा एक जपानी खेळ आहे.

जपानी लोककथांत कोल्हा आणि तानुकी (श्वानकुळातील एक रानटी प्राणी) माणसाचे रूप घेऊन वावरतात. रियो कामिया यांनी २००६ मध्ये रचलेल्या ‘यूयाके कोयाके’ या भूमिकाखेळात आपण अशाच एखाद्या प्राण्याची भूमिका घ्यायची आणि लहानशा गावातील माणसांच्या अडचणी सोडवायच्या. येथे फासे नाहीत, मारामारी नाही. कोणाचे वागणे मनाला भावले, की इतर खेळाडू त्याला ‘स्वप्न’ नावाचा गुण देतात. अधिकची शक्ती हवी असेल, तर तिच्यासोबत एक दुबळेपणाही स्वीकारावा लागतो.

आपणही घरी सोपा प्रयोग करून पाहावा. नातवाने कथा सांगावी आणि विचारावे, “तानुकीआजोबा, पावसात वाट चुकलेल्या मुलीला घरी कसे न्याल?” या प्रश्नाला चुकीचे उत्तर नसते, त्यामुळे विस्मरणाचा संकोच उरत नाही. आयुष्यभराचे शहाणपण सहज ओठांवर येते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. थकवा दिसताच खेळ थांबवावा. ज्यांना भास होतात, त्यांच्याबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आधार घेणाऱ्या हातांनाही आधार देण्याची ओढ असते. ती संधी त्यांना अवश्य द्यावी.