पहिल्या तुकडीचे देणे

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांतून नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जाहिराती झळकू लागतात. टोलेजंग इमारतीचे चित्र, संगणकांच्या रांगा, संस्थापकांचे छायाचित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘यंदापासून प्रारंभ’. मध्यंतरी हा ओघ अडला होता. रिकाम्या जागांची संख्या वाढत चालल्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० साली नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देणे थांबविले. २०२३ साली ती बंदी उठली. पाठोपाठ २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाही परिषदेने काढून टाकली. नव्या संस्था, नव्या शाखा आणि नव्या तुकड्या यांचा एक नवा हंगाम त्यामुळे सुरू झाला आहे.

या हंगामात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कोणतीही शिक्षणसंस्था जन्मतःच प्रौढ नसते. तिची प्रयोगशाळा सजण्यास, ग्रंथालय भरण्यास, प्राध्यापकवर्ग स्थिरावण्यास आणि तिच्या नावाला किंमत येण्यास काही वर्षे जावी लागतात. या बाल्यावस्थेची किंमत कोणी मोजावयाची? आपल्या राज्यातील तंत्रशिक्षणाचा गेल्या चार दशकांचा हिशेब मांडला, तर ही किंमत मुख्यतः पहिल्या तीन-चार तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी मोजली आहे, असेच उत्तर येते. ते न्याय्य नाही आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाचेही नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

उसन्या छपराखालची सुरुवात

नवी संस्था गैरसोयीतच जन्माला येते, हा नियम थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. १९४५ साली नेमलेल्या नलिनीरंजन सरकार समितीने देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात, अशी शिफारस केली. त्यांतील पहिली संस्था १९५१ साली खरगपूरनजीक हिजली येथे उभी राहिली ती एका जुन्या बंदिवासात. ज्या इमारतीत राजबंद्यांना डांबले जाई आणि जेथे १९३१ साली निःशस्त्र बंद्यांवर गोळीबार होऊन दोघांचे प्राण गेले, त्याच इमारतीत स्वतंत्र भारताचे अभियंते घडू लागले.

दुसरी संस्था आपल्या मुंबईची. पवई येथे साडेपाचशे एकर जागा मुक्रर झाली होती, परंतु तेथे अद्याप इमारत नव्हती. म्हणून २५ जुलै १९५८ रोजी पहिले वर्ग भरले ते वरळी येथील ‘सस्मिरा’ या रेशीम-वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीत. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून शंभर विद्यार्थी निवडण्यात आले होते. पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला कोनशिला बसली ती त्यानंतर, १० मार्च १९५९ रोजी. कोनशिला बसण्यापूर्वीच पहिल्या तुकडीचे एक सत्र होऊन गेले होते.

या शंभर मुलांना वसतिगृहाची, मैदानाची, जाण्यायेण्याची अडचण झाली असेलच. पण तिची भरपाई करणारी व्यवस्था आधीच योजिलेली होती. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री आली. एकूण ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तेथून येऊन गेले. २७ भारतीय अध्यापकांना सोव्हिएत संघात प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. इमारतींचा आणि चालू खर्चाचा भार केंद्र सरकारने उचलला. छप्पर उसने होते, पण शिक्षक आणि साधने यांची तजवीज पक्की होती. आणि या तजविजीचे मोल पहिल्या शंभरांच्या शुल्कातून वसूल करण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण गोव्याचे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ साली फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली. कायम जागेचा प्रश्न चिघळला. मेळावलीच्या ग्रामस्थांनी निकराचा विरोध केल्याने २०२१ च्या जानेवारीत ती जागा सोडून देण्यात आली. तरीही पाठीशी मुंबईच्या संस्थेचे पालकत्व होते, म्हणून अध्यापन खंडित झाले नाही. तात्पर्य, नव्या तंत्रसंस्थेला इमारतीवाचून काही काळ काढता येतो. शिक्षकावाचून एक सत्रही काढता येत नाही.

साखरपट्ट्यातील प्रयोग

आपल्या राज्यात खाजगी पुढाकाराची परंपराही जुनी आहे. सांगलीला १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ काढले, तेच १९५५ पासून वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. आरंभी तेथे स्थापत्य ही एकच शाखा होती. झेपेल तेवढेच हाती घ्यावे आणि बस्तान बसल्यावर पुढची शाखा काढावी, असा तो काळ होता.

१९८३ साली चित्र पालटले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. लोणी, कोपरगाव, वारणानगर, साखराळे अशा ठिकाणी त्याच वर्षी महाविद्यालये निघाली. या धोरणामागील कारणे क्षुल्लक नव्हती. शासकीय महाविद्यालयांतील जागा तुटपुंज्या होत्या आणि महाराष्ट्रातील मुले देणग्या भरून कर्नाटकात जात होती. ग्रामीण भागातील शेकडो कुटुंबांत पहिला अभियंता या महाविद्यालयांमुळे झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप महाविद्यालये निघण्याला नाही. ती निघताना जोखमीची वाटणी कशी झाली, याला आहे.

ही वाटणी समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. लोणीजवळच प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखाना चालेल की नाही याची शाश्वती नसताना तेथील शेतकऱ्यांनी पैसे घातले. ही जोखीमच होती, पण तिच्या मोबदल्यात शेतकऱ्याच्या हाती भाग पडला, मताचा अधिकार पडला आणि त्याच्या उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. जो जोखीम उचलील तो मालक होईल, असा तो सरळ व्यवहार होता. त्याच परिसरात, त्याच सहकाराच्या छायेत पुढे विनाअनुदान महाविद्यालये निघाली तेव्हा मात्र हे सूत्र विसरले गेले. अशा महाविद्यालयांच्या आरंभीच्या काळात पालकांच्या पैशातून इमारती चढल्या, यंत्रे आली, जमिनी वाढल्या. पालकाच्या हाती पडली ती शुल्काची पावती. आणि देणगीची तर पुष्कळदा तीही नाही. भांडवल त्याने पुरविले, मालमत्ता दुसऱ्याची झाली.

पुढे कायदे आले. महाराष्ट्राने १९८७ साली देणगीशुल्कास बंदी करणारा अधिनियम केला. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेला संसदेच्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात निम्म्या जागा माफक शुल्काच्या व निम्म्या जागा जादा शुल्काच्या अशी योजना सांगितली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली. २०१५ साली राज्याने प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनासाठी स्वतंत्र अधिनियम केला. या सर्व खटाटोपात ‘किती शुल्क घ्यावे’ या प्रश्नाचा कीस काढला गेला. ‘संस्थेच्या उभारणीचा खर्च कोणत्या पिढीने द्यावा’ हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

वर्गात विचारलेला प्रश्न

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक तालुक्याच्या ठिकाणी नव्याने निघालेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस औद्योगिक अर्थशास्त्र शिकविण्यास जात असे. पहिली तुकडी तिसऱ्या वर्षात होती. इमारतीचा दर्शनी भाग संगमरवरी होता. मागच्या कार्यशाळेत दोन लेथ यंत्रे आली होती, पण त्यांचा पाया घातलेला नव्हता आणि थ्री फेज वीजजोडणीही झालेली नव्हती. ती वर्षभर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलीच राहिली. मुले प्रात्यक्षिकांसाठी एस. टी.ने जवळच्या शहरातील तंत्रनिकेतनात जात. विद्यापीठाची तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातून टेम्पोभर पुस्तके आली आणि समिती गेल्यावर तशीच परत गेली. यंत्रविषयाच्या एका प्राध्यापकाने दिवाळीनंतर नोकरी सोडली, तेव्हा त्याचा विषय नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाकडे आला. तो बिचारा आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी शिकवीत असे.

त्या मुलांची आणखी एक उणीव होती, ती बाहेरच्यास चटकन दिसत नसे. त्यांच्या पुढे कोणी नव्हते. जुन्या महाविद्यालयात वरच्या वर्गातील मुलगा टिपणे देतो, कोणता विषय कसा अभ्यासावा ते सांगतो, उन्हाळ्यात कोठल्या कारखान्यात उमेदवारी मिळेल त्याचा पत्ता देतो. पहिल्या तुकडीला असा थोरला भाऊ नसतो. कंपन्याही अपरिचित नावाच्या आवारात पाऊल टाकीत नाहीत.

एके दिवशी फळ्यावर स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांचा आलेख काढून झाला. उत्पादन वाढत जाते तसा स्थिर खर्च अधिकाधिक नगांवर विभागला जातो, हे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग कॉलेजचा स्थिर खर्च आमच्या एकाच वर्गावर का पडला? आमच्यानंतर पन्नास वर्षं पोरं शिकणार आहेत ना इथं?” वर्ग हसला. मी विनोदाने वेळ मारून नेली. परंतु त्याचा प्रश्न बिनतोड होता आणि उत्तर मजजवळ नव्हते.

नव्या लोहमार्गावरून धावणाऱ्या पहिल्या गाडीच्या उतारूंकडून पुलाची सबंध किंमत कोणी वसूल करीत नाही. ती किंमत कर्जरूपाने उभी केली जाते आणि पुढील अनेक वर्षांच्या प्रवाशांवर थोडी थोडी विभागली जाते. महाविद्यालयाच्या बाबतीत आपण याच्या नेमके उलट करतो. पहिला प्रवासी पुरते भाडे देतो आणि अर्धवट पुलावरून चालतही जातो. शिवाय गुणवत्तेची मोहर त्याच्या वाट्यास येत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाकडून अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती मिळण्यासाठी आधी दोन तुकड्या पदवीधर होऊन बाहेर पडाव्या लागतात. नियम तर्काला धरून आहे, कारण फळ पाहिल्याशिवाय झाडाची परीक्षा करता येत नाही. पण त्याचा अर्थ असा, की पहिल्या तुकड्यांनी केवळ विश्वासावर यावे आणि परीक्षेचे साहित्य होऊन जावे.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. इच्छा मात्र हवी. पहिला उपाय हिशेबाचा आहे. इमारत, यंत्रे, ग्रंथालय यांवरील प्रारंभिक खर्च शुल्काच्या गणितातून वेगळा काढावा. तो संस्थाचालकांनी स्वतःच्या भांडवलातून वा दीर्घ मुदतीच्या कर्जातून करावा आणि त्याचा हप्ता पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या तुकड्यांवर सारखा पडावा. एवढे भांडवल उभे करण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांनी महाविद्यालय काढण्याच्या फंदात पडू नये.

दुसरा उपाय पालकत्वाचा. फर्मागुडीला जे मुंबईच्या संस्थेने केले, ते प्रत्येक नव्या महाविद्यालयासाठी एखाद्या प्रस्थापित महाविद्यालयाने करावे. पुण्याचे महाविद्यालय १८५४ पासून आणि मुंबईचे वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान १८८७ पासून तंत्रशिक्षण देत आले आहे. अशा संस्थांमधील अनुभवी अध्यापकांनी नव्या ठिकाणी दोन-दोन वर्षे प्रतिनियुक्तीवर जाण्याची सोय शासनाने करावी आणि त्यांच्या वेतनातील फरक सोसावा. इमारतीच्या अनुदानापेक्षा हा खर्च कितीतरी स्वस्त पडेल.

तिसरा उपाय धीराचा. पहिल्या वर्षी एक किंवा दोनच शाखा असाव्यात आणि सांगलीने १९४७ साली दाखविलेला संयम परवानगीच्या अटीतच घालावा. अध्यापकांची नावे, पात्रता आणि नेमणुकीचा दिनांक प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. ठरलेली प्रयोगशाळा वर्षभरात सुरू झाली नाही, तर विद्यार्थ्याला शुल्काच्या परताव्यासह अन्यत्र बदलून जाण्याचा हक्क मिळावा.

अशा अटींमुळे नवी महाविद्यालये निघणारच नाहीत, अशी हाकाटी केली जाईल. काही निघणार नाहीत, हे खरे. परंतु नुकत्याच उठलेल्या बंदीचे मूळ कशात होते, हे आठवावे. ज्यांची सुरुवात कच्ची झाली, अशा संस्थांचे वर्गच ओस पडले. कच्चा पाया स्वस्त पडतो, हा भ्रम आहे. त्याची किंमत फक्त दुसऱ्याच्या खात्यावर लिहिली जाते.

राज्य शासनाने २०२४ साली आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णतः माफ केले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र त्यामुळे या शुल्काचा मोठा वाटा आता सार्वजनिक तिजोरीतून जातो, आणि तो कशावर खर्च होतो हे विचारण्याचा अधिकार केवळ पालकाचा न राहता प्रत्येक करदात्याचा झाला आहे.

मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे पदवीधर झाला. त्याच्या महाविद्यालयातील लेथ यंत्रे सुरू झाली, असे नंतर कळले. पण तोपर्यंत तो बाहेर पडला होता. त्यांवर आज दुसऱ्यांची मुले शिकत आहेत, याचा आनंदच आहे. त्या यंत्रांच्या किमतीत त्याच्या वडिलांचा वाटा आहे, एवढी नोंद मात्र संस्थेच्या कोणत्याही वहीत सापडणार नाही. निदान यंदा ज्यांचा ‘प्रारंभ’ होणार आहे, त्यांच्या वहीत ती असावी.