हवेच्या दाबाचा फवारणी पंप : बिघाड व दुरुस्ती

भोर-वेल्ह्याकडील भातखाचरांत कीड पडली, की वर्षभर माळ्यावर पडलेला पंप नेमका अडतो. आमच्या अनुभवाप्रमाणे दोष बहुधा क्षुल्लक असतो. प्रथम टाकीतील दाब सोडावा. मगच झाकण उघडावे. दांडा हलका चालून दाब भरत नसल्यास चामड्याचा वायसर सुकलेला समजावा. तो गोड्या तेलात भिजवावा, फाटल्यास बदलावा. दाब असूनही फवारा क्षीण पडल्यास तोटी व गाळणी पाण्याने, मऊ कुंचल्याने धुवावी. तार घातल्यास छिद्र मोठे होते. तोटीस तोंड लावून फुंकर मात्र कधीही घालू नये. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे वाचकांनी विसरू नये. हंगाम संपताच पंप धुऊन, वायसरास तेल लावून ठेवावा, म्हणजे ऐन वेळची घाई व तीतून उद्भवणारा धोका, दोन्ही टळतील.