दोन कागदांच्या जाडीचा नेम

१६४० च्या आसपासची गोष्ट. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात, लीड्स शहराजवळ राहणारा विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण आपल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळत होता. दुर्बिणीच्या नळीत एका कोळ्यानं धागा ओढून ठेवला होता. खरं तर इतक्या जवळचा धागा डोळ्याला दिसताच कामा नये, दिसलाच तर धुरकट. पण गॅस्कॉइनला तो लख्ख दिसला. दूरचं दृश्य आणि नळीतला धागा दोन्ही एकाच वेळी, सारखेच स्पष्ट, जणू कुणी आकाशावरच रेघ मारली आहे.

कोळ्यानं नेमकी जागा पकडली होती. १६११ मध्ये केप्लरनं दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. अशा दुर्बिणीत पुढचं भिंग दूरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा नळीच्या आत, अधांतरी तयार करतं आणि डोळ्याजवळचं भिंग ती प्रतिमा मोठी करून दाखवतं. अधांतरी असली तरी तिला ठरलेली जागा असते. त्या जागी धागा, केस, काचेवरची रेघ, काहीही ठेवलं तर ते प्रतिमेला चिकटल्यासारखं दिसतं. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र असल्यामुळे आत अशी प्रतिमाच बनत नाही. म्हणजे तिथे कोळ्यानं कितीही विणकाम केलं असतं तरी व्यर्थ! गॅस्कॉइननं या शोधावरून मोजमापाची उपकरणं बनवली आणि १६४४ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात, मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूनं लढताना तो मारला गेला.

आजची रायफलची स्कोप म्हणजे हीच दुर्बीण. फक्त केप्लरच्या रचनेत दृश्य उलटं दिसतं, ते सुलटं करणारी आणखी काही भिंगं तिच्या पोटात असतात. पहिली स्कोप घेणारा माणूस ‘किती पट मोठं दिसतं?’ असं विचारतो. माझ्या मते हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच प्रतलात आणणं हे स्कोपचं खरं काम. एनसीसीत .२२ च्या डीलक्स रायफलनं २५ मीटरवर गोळ्या झाडलेल्यांना हे लगेच पटेल. तिथे मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, त्यामुळे बाकीच्या दोन धूसर होतात. स्कोपमध्ये तिन्हींचा कारभार एका पातळीवर येतो.

आता ज्या रायफलीवर ही स्कोप बसणार तिच्याकडे वळू. आपल्याकडे .२२ ला परवाना लागतो, त्यामुळे बहुतेकांची तिच्याशी ओळख एनसीसीत किंवा क्लबच्या रेंजवर होते. अमेरिकेत मात्र पहिली रायफल म्हणजे .२२ हे जवळजवळ ठरलेलंच. १९६४ साली बाजारात आलेली रूगर १०/२२ तिथल्या कित्येकांची पहिली रायफल ठरली. तिचं .२२ लाँग रायफल हे काडतूस त्याहून जुनं, १८८७ सालचं. त्याला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड चेपते. कड चेपता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाब फार वाढवता येत नाही. म्हणून गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास आणि खांद्याला धक्का नावापुरता. एका पातळ पत्र्यानं सगळं स्वरूप ठरवून टाकलं! (तरीही ही गोळी दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय तिला हात लावू नये.)

या रायफलीचं सगळं राज्य २५ ते १०० मीटरच्या टापूत आहे, आणि इथेच खोक्यावर ठळकपणे न छापलेला आकडा महत्त्वाचा ठरतो. खोक्यावर ‘३-९×४०’ असतं, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. स्कोप कोणत्या अंतरासाठी पॅरॅलॅक्समुक्त आहे, हे मात्र माहितीपत्रकात शोधावं लागतं.

बारावीला शास्त्र शाखा घेतलेल्यांनी ऑप्टिकल बेंचवर टाचण्या पुढेमागे सरकवून पॅरॅलॅक्स काढलेला असतो. डोकं डावीउजवीकडे हलवायचं. टाचणी आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकल्या तर त्या एका जागी नाहीत, दोघी एकत्र हलल्या तर प्रयोग जमला. स्कोपमध्ये नेमकं हेच घडतं. अडचण अशी, की वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तूंच्या प्रतिमा नळीत वेगवेगळ्या जागी पडतात. किती वेगळ्या? पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर धरू. १०० मीटरवरच्या टार्गेटची प्रतिमा नाभीच्या मागे सुमारे ०.२२ मिलिमीटरवर पडते आणि ५० मीटरवरच्या टार्गेटची ०.४५ मिलिमीटरवर. दोन्हींत फरक दोन कागदांच्या जाडीएवढा!

एवढ्यानं काय बिघडतं? मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठीच्या स्कोपमध्ये फुली साधारण १०० यार्डांच्या हिशेबानं बसवलेली असते. सोयीसाठी १०० मीटर धरू. ती स्कोप .२२ वर लावून ५० मीटरवर नेम धरला आणि डोळा मधोमध न राहता पार कडेला गेला, तर वाईटात वाईट चूक किती होईल ते काढायला सोपं आहे. पुढच्या भिंगाची निम्मी रुंदी घ्यायची आणि तिला अंतरांच्या फरकाच्या प्रमाणानं गुणायचं. २० मिलिमीटर गुणिले निम्मं, म्हणजे १० मिलिमीटर. २५ मीटरवर हीच चूक १५ मिलिमीटर होते. हात हललेला नाही, ट्रिगर झटक्यानं दाबलेला नाही, फुली अगदी मधोमध दिसते आहे आणि तरीही गोळी बाजूला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या ५० मीटर टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची. वर्तुळाला गोळीची कड लागली तरी दहा मिळतात, म्हणून मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत माफी आहे. आपली चूक १० मिलिमीटरची. दोन कागदांच्या जाडीनं दहाचे नऊ केले.

रिमफायरसाठी म्हणून बनवलेल्या स्कोपमध्ये फुली बहुधा ५० यार्डांसाठी, म्हणजे सुमारे ४६ मीटरसाठी बसवलेली असते. दुसऱ्या प्रकारात पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्यानं किंवा डाव्या बाजूच्या चकतीनं हे अंतर हवं तसं बदलता येतं. पहिल्या रायफलीसाठी यातलं काहीही चालेल. पण ‘रिमफायर’ हा शब्द नसलेली, दिसायला भारदस्त आणि किमतीत उतरवलेली मोठी स्कोप उचलू नये. दुकानातच परीक्षा घेता येते. स्कोप घट्ट टेकवून पन्नासेक मीटरवरच्या एखाद्या खुणेवर रोखायची, हात न लावता डोकं हळूच हलवायचं आणि फुली खुणेवर सरकते का ते पाहायचं. विक्रेता जरा विचित्र नजरेनं पाहील, पाहू दे.

आता ‘किती पट’चा हिशेब. निरोगी डोळा साधारण एक कला एवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखतो. पंचांगात ग्रहांच्या स्थितीपुढे राशी, अंश, कला लिहिलेल्या असतात, त्यातलीच ही कला, अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर एक कला म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. साडेपाच मिलिमीटरचं भोक नुसत्या डोळ्यानं तिथे भोक म्हणून ओळखणं अवघड, विशेषतः टार्गेटच्या काळ्या भागात. चार पटींनी तेच भोक दीड कलेएवढं होतं, म्हणजे जेमतेम हद्दीत. नऊ पटींनी साडेतीन कलांच्या आसपास, म्हणजे आरामात. यापुढे आकडा वाढवून ५० मीटरवर नवशिक्याला फारसं काही मिळत नाही. उलट दृश्याचा घेर आकसतो आणि फुली नाचताना दिसते. ती आधीही नाचतच होती. स्कोप थरथर वाढवत नाही, फक्त चव्हाट्यावर आणते, आणि नवशिका घाबरून ट्रिगर हिसडतो. म्हणून मी तरी २-७ किंवा ३-९ च सुचवीन आणि सुरुवातीचे महिने ती चारवरच ठेवायला सांगेन.

भिंग जितकं मोठं तितकं चांगलं, हाही एक लाडका गैरसमज. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० ला ४ नं भागा, १० मिलिमीटर. ९ नं भागा, साडेचार. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे बाकीचा प्रकाश गालावर सांडतो! ५० मिलिमीटरचं भिंग उन्हात काहीच जास्त देत नाही. उलट ते रायफलच्या नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावी लागते, मग गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, डोळा अधांतरी राहतो आणि पॅरॅलॅक्सला आयतं निमंत्रण मिळतं. ३२ मिलिमीटर पुष्कळ झालं.

पैसे घालायचेच तर भिंगांवरच्या लेपात घालावेत. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. त्यावर पातळ थराचा उपाय झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ मध्ये काढला. चांगल्या स्कोपची काच तिरकी धरली की जांभळट-हिरवट झाक दिसते, ती या थराची.

स्कोप बसवली, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, रेंजवर गेलो. पुढचं काम झिरो करण्याचं, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी फुलीवरच लागेल अशी स्कोप जुळवण्याचं. वरच्या आणि बाजूच्या चकत्या फिरवल्या की ‘टिक्’ असा आवाज येतो. बहुतेक स्कोपमध्ये एक टिक् म्हणजे पाव कला, ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. आत काय होतं? सुलटी करणारी भिंगं एका छोट्या आतल्या नळीत बसवलेली असतात आणि चकतीचा स्क्रू त्या नळीला स्प्रिंगविरुद्ध केसभर ढकलतो. फुली जागची हलल्यासारखी दिसत नाही, पण तिच्यामागचं जग सरकतं. स्वस्त स्कोप इथे उघडी पडते. दहा टिक् वर आणि दहा टिक् खाली केल्यावर गोळ्या पुन्हा पहिल्याच जागी लागायला हव्यात. लागत नसतील तर ती परत करावी.

झिरो करणं म्हणजे गोळीची वाट सरळ करणं नव्हे. गोळी नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागते. ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर पडलेली असते, १०० मीटरपर्यंत अर्धा मीटर. स्कोप नळीच्या वर चारेक सेंटिमीटर बसते, म्हणून नळी नजरेच्या रेषेला किंचित वर रोखलेली असते. गोळी खालून येऊन ती रेषा पंधरा-वीस मीटरवर ओलांडते, थोडी वरून जाते आणि ५० मीटरवर पुन्हा भेटते. त्यानंतर तिची घसरण वेगानं वाढते. ५० मीटरला झिरो केलेली रायफल १०० मीटरवर वीतभर तरी खाली मारते. काडतुसाची जात बदलली की हे सगळं बदलतं. ध्वनीपेक्षा हळू जाणारी गोळी आणि त्याहून वेगवान गोळी यांचा झिरो एक नसतो.

एक इशारा एअर रायफलवाल्यांसाठी, कारण आपल्याकडे अनेकांच्या घरी स्प्रिंगची एअर रायफल असते. रिमफायरची स्कोप तिच्यावर चढवू नये. .२२ चा धक्का हलका आणि एकाच दिशेचा, मागे येणारा. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे येते आणि तो पुढे आदळला की पुढे उसळते. हा दुहेरी हिसका न सोसून साध्या स्कोपमधली भिंगं सैल होतात. त्यात १० मीटरवरच्या टार्गेटची प्रतिमा आपल्या १५ सेंटिमीटरच्या भिंगामागे सव्वादोन मिलिमीटरवर पडणार, म्हणजे पॅरॅलॅक्सचा कहर. एअर रायफलसाठी तिचीच, जवळचं अंतर साधता येणारी स्कोप घ्यावी.

आणि ज्यांची स्कोप १०० यार्डवाली आधीच घेऊन झाली आहे, त्यांच्यासाठी जवळजवळ फुकटचा तोडगा आहे. डोळ्याकडच्या टोकावर बसेल असं काळं झाकण घ्यायचं आणि त्याला बरोबर मध्यभागी दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. उजेड थोडा कमी होतो, पण डोळा मधोमध असेल तरच दृश्य दिसतं, आणि डोळा मधोमध असला की पॅरॅलॅक्सची चूक उरतच नाही. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला बंदी आहे. तिथे मागच्या साइटवर अशाच बारीक भोकाची चकती असते. त्या भोकामुळे डोळा जागेवर राहतो आणि जवळची साइट व दूरचं टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२ रिमफायर काडतुसानं आणि अशाच भोकातून पाहून.