चक्री जिना : करवतीआधी गणित

घरचा चक्री जिना फसतो तो बहुधा कागदावरच. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 9 फूट, म्हणजे 108 इंच उंची धरा. तिचे 13 चढ केले, तर प्रत्येक चढ सुमारे 8.3 इंचांचा. पायऱ्या 12, प्रत्येकी 30 अंशांची. एक पूर्ण वेढा. व्यास 5 फूट ठेवला, तर मध्यापासून 20 इंचांवर, जिथे पाऊल खरोखर पडतं, तिथे पायरी साडेदहा इंच मिळते. व्यास 4 फुटांवर आणलात की पाऊल मध्याकडे सरकतं, तिथली रुंदी साडेआठच्याही आत येते आणि उतरताना टाच टेकत नाही.

खरी कसोटी डोक्याची. वरचं लँडिंग पाव वर्तुळाचं असेल, तर ते पहिल्या तीन पायऱ्यांच्या डोक्यावर येतं. तिसऱ्या पायरीवर 108 मधून 25 इंच चढ आणि 5 इंचांचा स्लॅब वजा जाता 78 इंच, म्हणजे साडेसहा फूट उरतात. चौथी पायरीही झाकली गेली, तर उरतात जेमतेम 70. उंच माणूस रोज आपटणार!

फळ्या नीट सुकलेल्याच घ्या, शक्यतो सागाच्या. लाकडाची रेषा मधल्या खांबाकडून कठड्याकडे धावायला हवी; आडव्या रेषेची पायरी वजनाखाली चिरते. पहिली पायरी स्वस्त प्लायवूडची कापा, तिच्यावर उभे राहून पाहा, मगच सागाला हात लावा.

आणि मोठं कपाट या जिन्याने वर जात नाही. ते चढवायला दुसरी वाट नसेल, तर साधा जिनाच करा.