निवडून येणारा न्यायकर्ता आणि निवडणुकीतील अदृश्य पैसा : बाजारहत्नूर परिसराच्या संदर्भात

भारतात न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत, असे नागरिकशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर मंडळासारख्या भागात बांधाचे भांडण, गुरांनी खाल्लेले पीक, उसनवारीचे पैसे किंवा नवरा-बायकोतील तक्रार न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी बहुधा गावातच बसून ऐकली जाते. ऐकणाऱ्यांत पाटील असतो, जमातीचे वडीलधारे असतात, गोंड वस्तीत राय सेंटरची मंडळी असतात, आणि सरपंच असतो. यांपैकी सरपंच तेवढा मतपेटीतून येतो. म्हणून त्याच्या निवडणुकीला पैसा कोणी पुरविला, हा प्रश्न केवळ राजकारणाचा राहत नाही. तो काही अंशी न्यायाचाही होतो.

या भागातील लोक तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू आणि बंजारा बोली बोलतात. भांडण एका भाषेत मांडले जाते, त्याचा निवाडा दुसऱ्या भाषेत होतो, असेही घडते. मात्र ‘पंच’ हा शब्द सर्वांना समजतो. अनुसूचित क्षेत्रातील गावांना तर त्याला कायद्याचाही आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमाने वाद मिटविण्याची रूढ पद्धत जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे म्हटले आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशात या कायद्याचे नियम २०११ मध्ये आले. राय सेंटरचे प्रमुख परंपरेने ठरतात, मतदानाने नव्हे. त्यामुळे तेथे प्रचारखर्चाचा प्रश्न उद्भवत नाही. सरपंचाच्या बाबतीत तो उद्भवतो.

न्यायाचे काम निवडून आलेल्या व्यक्तीकडे थेट सोपविणारे उदाहरणही देशात आहे. बिहार पंचायत राज अधिनियम, २००६ नुसार तेथे प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी ‘ग्राम कचहरी’ असते. तिचा प्रमुख सरपंच आणि तिचे पंच थेट मतदानाने निवडले जातात. विकासकामांचा प्रमुख मुखिया हा वेगळा असतो. म्हणजे बिहारमधला ‘सरपंच’ हा तेलंगण-महाराष्ट्रातल्या सरपंचाहून निराळा आहे. शब्द एक असल्याने विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. ग्राम कचहरीला दहा हजार रुपयांपर्यंतचे दिवाणी दावे ऐकता येतात. फौजदारी प्रकरणांत एक हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो, कैदेची शिक्षा मात्र देता येत नाही. मदतीला न्यायमित्र म्हणून कायद्याचा पदवीधर असतो. २०२१ च्या निवडणुकीत मुखिया आणि सरपंच या दोन्ही पदांसाठी खर्चाची मर्यादा ४० हजार रुपये होती. एकाच्या हाती निधी, दुसऱ्याच्या हाती निवाडा, आणि खर्चाचे माप मात्र दोघांना एकच. अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये न्यायपंचायत ही विकासाच्या पंचायतीपासून वेगळी ठेवावी आणि तिच्यावर पात्र न्यायाधीश असावा, असे सुचविले होते. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने तर निवडणूकच टाळली. त्यातील न्यायाधिकारी राज्य शासन उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमते.

तेलंगणात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. तेलंगण पंचायत राज अधिनियम, २०१८ नंतर पहिली निवडणूक जानेवारी २०१९ मध्ये तीन टप्प्यांत झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुदत संपल्यावर कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला आणि पुढची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये पार पडली. पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावात सरपंचपदाच्या उमेदवाराला अडीच लाख रुपये आणि त्याहून लहान गावात दीड लाख रुपये खर्च करता येतो. प्रभाग सदस्यासाठी हीच मर्यादा अनुक्रमे ५० हजार आणि ३० हजार रुपये आहे. निकालानंतर ४५ दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. तो न देणारा तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो.

या नियमांकडे बारकाईने पाहिले म्हणजे त्यांची दृष्टी कोठे आहे हे ध्यानात येते. मर्यादा आहे ती खर्चाला. पैसा देणाऱ्याने किती द्यावा, यावर तसे बंधन नाही. शिवाय हिशेब धरला जातो तो उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचा. त्याआधी महिनाभर झालेली जेवणावळ, जत्रेतील वर्गणी, कोणाच्या लग्नाला किंवा दवाखान्याला केलेली मदत हिशेबाच्या बाहेर राहते. गावात मात्र हीच मदत सर्वांत जास्त लक्षात ठेवली जाते.

लपलेला पैसा गावात कोणत्या वाटांनी येतो, हे ओळखणे फारसे अवघड नाही. पहिली वाट गुत्तेदाराची. सिमेंटचा रस्ता, नाली, पाण्याची टाकी ही कामे पुढे कोणाला मिळणार, याची बोलणी निवडणुकीआधीच होऊ शकते. दुसरी वाट वाळूची आणि दारूची. विनापरवाना दारू विकणाऱ्या ‘बेल्ट शॉप’ला सरपंचाचे मौन हवे असते. एखाद्या विधवेने किंवा बचत गटाच्या बायांनी त्या दुकानाविरुद्ध तक्रार आणली, तर बैठकीत बसलेला सरपंच कोणाच्या पैशाने निवडून आला आहे, ही माहिती तक्रारीइतकीच महत्त्वाची ठरते. तिसरी वाट कापसाच्या पट्ट्यातली, आडत्या आणि सावकाराची. येथे उमेदवाराला देणगी मिळत नाही, उचल मिळते. ती फेडायची असते. त्यामुळे ती देणगीपेक्षा अधिक काळ बोलते. चौथी वाट पक्षाची. चिन्ह पक्षाचे नसले तरी पाठिंबा पक्षाचा असतो, पण निवडणूक अपक्ष म्हणवली जात असल्याने तो खर्च पक्षाच्या नावावर दिसत नाही. आणि पाचवी वाट उमेदवाराच्या स्वतःच्या शेतीवर काढलेल्या कर्जाची. हिला लपलेली म्हणणे थोडे अन्यायाचे आहे. अनेक प्रामाणिक उमेदवार याच वाटेने जातात आणि पुढे कर्जबाजारी होतात. २०१९ ते २०२४ या मुदतीतील अनेक सरपंचांनी पदरमोड करून केलेल्या कामांची बिले थकल्याच्या तक्रारी तेलंगणात मोठ्या प्रमाणावर झाल्या, हे येथे आठवावे.

उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याच्या प्रचारसभेवर, जाहिरातीवर किंवा पत्रकावर दुसऱ्याने खर्च करणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या १७१-ह कलमात त्यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये तो दहा हजारांपर्यंत झाला. म्हणजे तिसऱ्याचा पैसा कायद्याला अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. परंतु संमती कागदावर असली की गुन्हा उरत नाही, आणि नसली तर ते सिद्ध करायला कोणी पुढे येत नाही.

काही गावांनी हा लपंडाव संपवून पैसा उघड्यावरच आणला. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे ग्रामपंचायतीसाठी दोन कोटी पाच लाख रुपयांची, तर नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ४२ लाखांची बोली लागल्याचे प्रकरण गाजले. पैसा देवस्थानाच्या कामासाठी, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. (‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. तो मतपेटीच्या शेजारी बसेल, असे कोणाला वाटले नसेल.) तेलंगणातही अशा बोलींच्या बातम्या येत असतात. बोली लावणाऱ्याचे नाव गावाला कळते, एवढा तिचा एक गुण मानला तरी बोलीसाठी त्याला पैसा कोणी दिला हे गुप्तच राहते. पडदा एक पायरी मागे सरकतो इतकेच.

नाव कळण्याने काय फरक पडतो, हे अमेरिकेच्या एका खटल्यावरून समजते. तेथील बहुतेक राज्यांत काही ना काही न्यायाधीश निवडणुकीला सामोरे जातात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २००२ मध्ये मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने पाच कोटी डॉलर नुकसानभरपाईचा निर्णय दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जायचे होते. २००४ मध्ये त्याच न्यायालयाची निवडणूक आली. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवाराला थेट देता येत होते फक्त एक हजार डॉलर. उरलेल्या रकमेपैकी जवळजवळ पंचवीस लाख मुलांच्या हिताचे नाव धारण केलेल्या एका प्रचारसंघटनेकडे गेले, बाकीचे त्यांनी स्वतंत्रपणे खर्चले. बेंजामिन विजयी झाले, त्यांनी खटल्यातून बाजूला होण्यास नकार दिला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. ८ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, अशा स्थितीत बेंजामिन यांनी खटल्यातून दूर व्हायला हवे होते. न्यायाधीश भ्रष्ट आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. पक्षपाताचा धोका सहन करण्यापलीकडचा आहे, एवढेच म्हटले.

या प्रकरणात प्रतिपक्षाला आक्षेप घेता आला, कारण पैसा कोणाचा हे नोंदींतून कळले होते. हाच पैसा देणगीदारांची नावे सांगण्यास बांधील नसलेल्या संस्थेतून आला असता, तर आक्षेपाचा अर्ज लिहिण्यापुरतीही सामग्री हाती आली नसती. अमेरिकेत अशा पैशाला ‘काळोखातला पैसा’ म्हणतात. भारतात राष्ट्रीय पातळीवर २०१८ च्या निवडणूक रोख्यांनी तेच केले होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या, म्हणजे घटनेच्या १९(१)(क) अनुच्छेदाच्या आधारे रद्द केली. तो हक्क ग्रामपंचायतीच्या मतदारालाही आहे.

प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही १९१६ मधील कथा उर्दू आणि हिंदी दोन्ही वर्गांत शिकविली जाते. तिच्यात खाला आपल्या भाच्याविरुद्ध, जुम्मन शेखविरुद्ध, पंच म्हणून निवडते ते त्याच्याच जिवलग मित्राला, अलगू चौधरीला. ही दोस्ती गावात कोणापासून लपलेली नव्हती. खालाने ती जाणूनच नाव घेतले, आणि अलगूला सर्वांसमोर निवाडा द्यावा लागला. अलगूवर जुम्मनचे गुप्त कर्ज असते आणि खालाला त्याचा पत्ता नसता, तर तिची निवड डोळे बांधून केलेली ठरली असती. बाजारहत्नूरच्या बैठकीत तक्रार घेऊन येणारी बाई आज बहुधा याच दुसऱ्या स्थितीत उभी असते. सरपंच कोणाचा जावई, कोणाचा वर्गमित्र हे तिला तोंडपाठ असते. त्याच्या प्रचाराच्या जीपचे डिझेल कोणी भरले, हे तिला ठाऊक नसते.

उमेदवारांनी दिलेले हिशेब माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतात. त्यासाठी मंडळ परिषद विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. राज्यशास्त्राच्या किंवा भाषेच्या प्राध्यापकाला पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एखाद्या गावाचे असे हिशेब मिळवून घेता येतील. त्यांच्या शेजारी त्याच ग्रामपंचायतीच्या पुढील दोन वर्षांच्या कामांची बिले ठेवावीत. बिलांवर गुत्तेदाराचे नाव असतेच.