फेअरिंग उतरवल्यावर

पार्किंगमध्ये स्टँड नीट न लागल्यामुळे स्पोर्ट बाइक जागच्या जागी आडवी झाली, तर इंजिनाला सहसा काही होत नाही. बटण दाबलं की ती सुरू होते, गिअर पडतात, चाकं सरळ फिरतात. पण एका बाजूचं फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं आवरण, तडकलेलं असतं, इंडिकेटर वायरीवर लोंबत असतो, क्लचचा लिव्हर वाकलेला असतो. रस्त्यावर घसरून पडली असेल तर पुढचं नाक, आरसे आणि ते सगळं पेलणारा लोखंडी स्टेही जातो. गाडी आठ-दहा वर्षांची असेल, तर या नव्या भागांची बेरीज गाडीच्या बाजारभावाला जाऊन भिडते. विमा कंपनी ती निकालात काढते आणि ठणठणीत इंजिनाची गाडी कवडीमोलाने कुणा हौशी माणसाच्या गॅरेजात येऊन पडते.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा गाड्या जागोजागी दिसू लागल्या आणि त्यांतून स्ट्रीटफायटर ही जात जन्माला आली. उरलंसुरलं फेअरिंग काढून टाकायचं, खाली झुकलेली क्लिप-ऑन हँडलं जाऊन त्यांच्या जागी रुंद सरळ हँडल यायचं, पुढे एक किंवा दोन गोल दिवे, मागची सबफ्रेम आखूड करून शेपटी वर उचललेली, आणि इंजिन सगळ्यांना दिसेल असं उघडं. ‘बॅक स्ट्रीट हीरोज’ या कस्टम गाड्यांच्या ब्रिटिश मासिकात अँडी स्पॅरो यांची ‘ब्लडरनर्स’ ही चित्रमालिका यायची. तिच्यातल्या आडदांड, उघड्यावाघड्या गाड्या पाहून कित्येक पोरांनी हातात ग्राइंडर घेतला. गरजेपोटी सुरू झालेली गोष्ट पुढे आवड बनली. न पडलेल्या, धडधाकट गाड्याही कापल्या जाऊ लागल्या, आणि मोटारसायकलवाल्यांमध्ये आजही न मिटलेला वाद तिथेच सुरू झाला: स्पोर्ट बाइक कापावी का?

या वादाला एक पूर्वपीठिका आहे. तिच्यात गाड्यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झालेला दिसतो.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली सुरू झालेलं एस कॅफे हे पन्नास-साठच्या दशकात रॉकर पोरांचं ठाणं होतं. त्यांच्याकडे साध्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या आणि मनात शर्यत होती. म्हणून ते हँडल खाली आणायचे, फूटरेस्ट मागे सरकवायचे, लांब निमुळती अॅल्युमिनियमची टाकी बसवायचे. अशी गाडी म्हणजे कॅफे रेसर. यातला कळस म्हणजे ट्रायटन: ट्रायम्फचं ट्विन इंजिन आणि नॉर्टनची फेदरबेड फ्रेम. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी घडवलेली ही फ्रेम १९५० मध्ये शर्यतीत उतरली आणि वळणावर तिला तोड नव्हती. ट्रायटन जन्मायला एक व्यवहारी कारणही होतं. त्या काळी ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार बांधणाऱ्यांना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असायचं, पण नॉर्टन सुटं इंजिन विकायची नाही. मग ते अख्खी गाडी घ्यायचे, इंजिन काढायचे आणि उरलेला सांगाडा स्वस्तात विकून टाकायचे. त्या रिकाम्या सांगाड्यात पोरांनी ट्रायम्फ बसवलं. हे नुसतं नखरेल काम नव्हतं. १९६५ साली बार्सिलोनाच्या माँटज्युइक रस्त्यांवरची २४ तासांची शर्यत डेव्ह डेगेन्स आणि रेक्स बुचर यांनी ड्रेस्डा ट्रायटनवर जिंकली.

कॅफे रेसर बांधणारा माणूस कारखान्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करत होता. मग १९८४ मध्ये सुझुकीने कोलोनच्या प्रदर्शनात जीएसएक्स-आर ७५० मांडली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. अॅल्युमिनियमची फ्रेम, सुमारे १०० अश्वशक्ती, कोरडं वजन १७६ किलो, आणि एन्ड्युरन्स शर्यतीच्या गाडीसारखे दोन गोल दिवे असलेलं पूर्ण फेअरिंग. एत्सुओ योकोउची यांच्या चमूने ही गाडी वजनाच्या एकेका ग्रॅमशी झगडून घडवली होती. पोरांनी गॅरेजात रात्री जागून जे करायचं ते कारखान्याने आधीच करून ठेवलं होतं. १९९२ ची होंडा फायरब्लेड आणि १९९८ ची यामाहा आर-वन यांनी तर रस्त्यावरची आणि शर्यतीची गाडी यांतलं अंतर आणखी कमी केलं. अशा गाडीला वेगवान करण्यासारखं फारसं काही उरत नाही. ज्याला तिच्यावर स्वतःचा हात फिरवायचा आहे त्याच्यासाठी एकच दिशा मोकळी राहते: तिच्यातलं काहीतरी कमी करायचं. मला वाटतं, या वादातला सगळा ताण इथून येतो. ट्रायटन पाहून नॉर्टनचा इंजिनिअरही खूश झाला असता. कापलेली आर-वन पाहून यामाहाच्या इंजिनिअरला तसंच वाटेल याची खात्री कुणी देणार नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच हलक्यावर घेता येत नाही. ते सांगतात की स्पोर्ट बाइकमध्ये फेअरिंग ही वरून घातलेली शोभा नाही. वारा रेडिएटरकडे कसा वळवायचा, गरम हवा चालकाच्या मांड्यांपासून दूर कशी न्यायची, ताशी दीडशेच्या पुढे पुढचं चाक स्थिर कसं ठेवायचं, हे सगळं त्या आकारात बसवलेलं असतं. दिवा आणि मीटर फेअरिंगच्या स्टेवर असतात, फोर्कवर त्यांना टांगायला जागाच नसते. बऱ्याच गाड्यांत टाकीचा पुढचा भाग म्हणजे नुसतं झाकण, त्याखाली एअरबॉक्स. त्यामुळे जुन्या धाटणीची गोल टाकी आणून बसवायची म्हटलं तर ती बसत नाही. एअरबॉक्स काढून कार्बोरेटरला सुटे फिल्टर लावले, तर व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरचं हवा-पेट्रोलाचं गणित बिघडतं. वरच्या आरपीएमला आवाज छान येतो, पण मधल्या आरपीएमला, म्हणजे जिथे गाडी रोज चालते तिथेच, ती मरगळते. फ्युएल इंजेक्शन असेल तर ईसीयूचा मॅप नव्याने बसवावा लागतो.

हँडलचं कामही दिसतं तितकं सोपं नाही. क्लिप-ऑन काढून सरळ हँडल लावलं की ब्रेकचा होज आखूड पडतो, क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते, हँडल पूर्ण वळवलं की टाकीला लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चालकाचं वजन मागे सरकतं आणि पुढचं चाक हलकं होतं. स्पोर्ट बाइकचा फोर्क उभट असतो, साधारण २४ अंशांच्या आसपास. खाली वाकलेल्या चालकाचं वजन पुढच्या चाकावर आहे हे धरूनच तो कोन ठरवलेला असतो. वर बसून जोरात अॅक्सिलरेटर दिला की हँडल थरथरू लागतं. चांगला बांधणारा तिथे स्टिअरिंग डॅम्पर लावतो आणि सस्पेन्शन पुन्हा जुळवतो. ज्याने नुसतं फेअरिंग काढून फोटो काढले, त्याला पहिल्या खडबडीत वळणावर ही गोष्ट कळते.

हे सगळं असूनही काही गाड्या कपडे उतरवल्यावर विलक्षण देखण्या दिसतात, आणि त्याचं कारण त्यांच्या इंजिनात आहे. पहिल्या जीएसएक्स-आरचं इंजिन हवा आणि तेलाने थंड होणारं होतं. सिलिंडरवर दाट, बारीक फिन्स, पुढे एक छोटा ऑइल कूलर, पाण्याचा रेडिएटर नाही, रबरी नळ्यांचं जाळं नाही. शिवाय फ्रेम डबल क्रेडलची, म्हणजे इंजिनाला खालून वेढणाऱ्या नळ्यांची. जुन्या गाडीची ठेवण तिच्यात शिल्लक होती. ७५० आणि पुढची ११०० स्ट्रीटफायटरवाल्यांच्या इतक्या लाडक्या झाल्या त्या त्यामुळे. ते इंजिन दणकटही होतं, ड्रॅग शर्यतीवाल्यांनी त्यातून वाट्टेल तितकी ताकद काढली. १९९२ मध्ये ७५० पाण्यावर गेली, १९९६ मध्ये तिला दोन जाड तुळयांची फ्रेम आली, आणि ती उघडी करून पाहण्याजोगी राहिली नाही. फेअरिंगखाली लपणारच आहे म्हणून इंजिनिअरने नळी जिथे सोयीची तिथून नेलेली असते, वायरिंगचा गठ्ठा जिथे मावेल तिथे कोंबलेला असतो. अशा गाडीचं फेअरिंग काढणं सोपं. त्यानंतर तिच्यातली प्रत्येक नळी, प्रत्येक क्लॅम्प पाहण्यालायक करणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे, आणि कस्टम बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते.

याचं सगळ्यात धाडसी उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं. हार्ली-डेव्हिडसनने २००९ मध्ये ब्यूएल ही आपली स्पोर्ट बाइकची शाखा बंद केली. तिची ११२५आर ही गाडी चालायला उत्तम होती. रोटॅक्सचं व्ही-ट्विन इंजिन आणि पेट्रोल साठवणारी पोकळ अॅल्युमिनियम फ्रेम, अशी तिची रचना. पण दोन्ही बाजूंना फुगलेल्या रेडिएटरच्या खोळींमुळे ती दिसायला बोजड होती. रोनिन नावाने ज्यांनी तिचा कायापालट केला त्यांनी रेडिएटर बाजूंवरून काढून पुढे, दिव्याच्या बाजूला उंच नेला आणि नेहमीच्या फोर्कऐवजी लिंकेजचा पुढचा भाग बसवला. जपानी कथेतल्या स्वामी गमावलेल्या ४७ सामुराईंवरून गाड्याही ४७ च बांधल्या. जी कंपनीच उरली नाही, तिच्या गाडीतली मूळ अडचण ओळखून ती सोडवणं, हे काम मला पूर्ण पटतं.

न पटणारं काम कुठलं, तेही सांगतो. फोर-सिलिंडर स्पोर्ट बाइक घ्यायची, तिच्यावर तपकिरी चामड्याची सपाट सीट ठेवायची, एक्झॉस्टला पांढरी पट्टी गुंडाळायची आणि तिला कॅफे रेसर म्हणायचं. या गाड्यांची फ्रेम स्टिअरिंगपासून स्विंगआर्मकडे तिरकी उतरते. टाकी आणि सीट यांची सरळ आडवी रेघ, जी जुन्या गाड्यांचं सौंदर्य आहे, ती इथे जुळत नाही. मग सीटखाली भलतीच पोकळी दिसते आणि मागचं जाड टायर उपरं वाटतं. अनेक जुने बांधणारे कापण्याविरुद्ध नाहीत, त्यांचा राग या नकलेवर आहे. हायाबुसा बांधायची तर ती हायाबुसासारखीच अंगावर येणारी दिसू दे, असं ते म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कारखान्यांनीही या वादात केव्हाच बाजू घेतली आहे. अर्जेंटिनात जन्मलेल्या मिगेल गालुझी यांनी डुकाटीसाठी ८५१/८८८ सुपरबाइकची जाळीदार फ्रेम घेतली, ९०० सुपरस्पोर्टचं हवेवर थंड होणारं इंजिन तिच्यात बसवलं आणि वर काहीच झाकलं नाही. १९९३ मध्ये विक्रीला आलेली ही मॉन्स्टर डुकाटीची सर्वाधिक खपाची मालिका ठरली. ट्रायम्फने १९९७ ची स्पीड ट्रिपल दोन गोल बटबटीत दिव्यांनी सजवली. तो चेहरा सरळ गॅरेजातल्या स्ट्रीटफायटरवरून उचललेला होता.

आपल्याकडे याचं सर्वांत जवळचं उदाहरण पुण्याशेजारी चाकणला आहे. बजाजच्या तिथल्या कारखान्यात केटीएमची ड्यूक ३९० आणि आरसी ३९० या दोन्ही गाड्या तयार होऊ लागल्या. ड्यूक २०१३ ची, आरसी २०१४ ची. तेव्हा दोघींचं सिंगल सिलिंडर इंजिन तेच होतं, जाळीच्या फ्रेमची जातकुळी तीच होती. पण आरसीचा फोर्क ड्यूकपेक्षा दीड अंश उभा होता. आरसीचं फेअरिंग काढलं की ड्यूक मिळते असं समजणाऱ्यांनी हा दीड अंश लक्षात ठेवावा. यामाहाने २००८ मध्ये आर-१५ आणून डेल्टाबॉक्स फ्रेम आणि रेडिएटर कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आणले, आणि २०१९ मध्ये त्याच घराण्यातली उघडी एमटी-१५ काढली. उघडी गाडीच हवी असणाऱ्याने धडधाकट आर-१५ कापण्यापेक्षा ती विकून एमटी घ्यावी, हा सल्ला मला योग्य वाटतो.

त्याला कायद्याचंही कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात याचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जर्मनीतही नियम कडक आहेत. हँडलपासून एक्झॉस्टपर्यंत प्रत्येक बदललेल्या भागाला मान्यता लागते आणि अनेक बदल तपासून गाडीच्या कागदांवर चढवावे लागतात. तरीही तिथे स्ट्रीटफायटरची चळवळ फोफावली, कारण चांगलं काम तपासून मान्य करून घेण्याची वाट तिथे उघडी आहे. आपल्याकडे ती वाट सामान्य माणसाला सहज सापडत नाही. त्यामुळे कुशल वेल्डर आणि नुसता ग्राइंडर चालवणारा हे दोघेही कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहतात. ही मला फार मोठी उणीव वाटते.

पडलेली, विम्याने टाकून दिलेली गाडी कापायला माझी काहीच हरकत नाही. उलट भंगारात जाणाऱ्या इंजिनाला तो दुसरा जन्म आहे. मात्र पहिल्या पिढीची, चपट्या बाजूंची जीएसएक्स-आर आज मूळ रूपात सापडणं मुश्कील झालं आहे, कारण तिच्या स्वस्ताईच्या काळात कित्येक गाड्या कापल्या गेल्या. अशी शाबूत गाडी हाती लागली तर तिच्यावर पाना चालवू नये. आणि मधली, ना दुर्मीळ ना मोडकी अशी गाडी असेल, तर काम परतवता येईल असं करावं. बऱ्याच स्पोर्ट बाइकची सबफ्रेम बोल्टवर असते. मूळची जपून ठेवून कापाकापी दुसऱ्या, जुन्या बाजारातून आणलेल्या सबफ्रेमवर करता येते. वायरिंग कापण्याऐवजी जोडणीच्या टोकांपाशी सोडवता येतं. अॅल्युमिनियमच्या मुख्य फ्रेमला, विशेषतः स्टिअरिंग हेडजवळ, वेल्डिंगची ज्योत लावू नये, कारण उष्णतेने त्या धातूची ताकद तिथेच कमी होते आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. फेअरिंग, स्टे, मूळ हँडलं आणि एअरबॉक्स नावं लिहून खोक्यांत भरून माळ्यावर ठेवावेत. पुढच्या मालकाला ती गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असू शकते.