ग्रेनेड लाँचर आणि आपला लेथ

हातगोळा माणूस फेकून किती लांब फेकणार? तीस-चाळीस मीटर. ही अडचण स्वयंचलित ग्रेनेड लाँचरने दूर केली. रशियन बनावटीचा एजीएस-१७ पाहा. तिपाईवर बसवलेले हे ३० मिलिमीटरचे शस्त्र सुमारे १,७०० मीटरपर्यंत मारा करते. गोळा सुटताना बोल्ट मागे ढकलला जातो, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते आणि पट्ट्यातील पुढचा गोळा आपोआप आत बसतो. भारतात असे लाँचर तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात तयार झाले.

पिन, स्प्रिंग, तिपाई ही कामे नांदेड-लातूरच्या लेथवाल्यांना अवघड वाटणार नाहीत. म्हणूनच आम्ही सावध करतो. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच मानला जातो. परवान्याशिवाय तो बनवणे गुन्हा आहे. कोणी ओळखीचा नमुना घेऊन आला आणि "एवढे कापून द्या" म्हणाला, तर आधी विचारा : हे कशाला लागते? ऑर्डरचा कागद कुठे आहे? उत्तर नीट मिळाले नाही तर नमुना परत करा. थोड्या मजुरीपायी दुकान आणि अब्रू दोन्ही जातील.

सरकारी काम हवे असेल तर सरळ वाट आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. दलालाला पैसे देऊ नका. केंद्राची खाती व सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. नोंदणीनंतर जेम पोर्टलवर आपला माल दाखवा. माप अचूक ठेवा, प्रत्येक कामाचे बिल जपून ठेवा.